बदललेलं इंजिन आणि पहाटेचा सेल्फ

या महिन्याच्या टपालात जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांचे प्रश्न भरपूर आहेत, आणि बहुतेक पत्रं खानदेशातली. सातपुड्याच्या पायथ्याचे मळे, तापीकाठची काळी जमीन, धडगाव-अक्कलकुव्याकडचे चढ यांच्यासाठी जुनी जीप अजूनही कामाची गाडी आहे. फक्त तिच्यात मूळ इंजिन क्वचितच उरलंय. पत्रं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. गाडी उठत नाही म्हटलं की मिस्त्री थेट डिझेलचा पंप, डिझेल फवारणारे नोझल किंवा हेडला हात घालतो. इंजिन बदललेल्या गाडीत मात्र दोष बहुधा दोन गाड्या जिथे एकमेकींना जोडल्या तिथे असतो: अर्थिंग, वायरिंग, डिझेलचे पाइप, सेल्फ (इंजिन फिरवून उठवणारी मोटर) आणि फ्लायव्हील (सेल्फ ज्याला पकडून फिरवतो ते इंजिनमागचं जड चाक). खालची उत्तरं त्याच क्रमाने वाचावीत.

प्रश्न (यावल तालुका): माझी एमएम ५४० आहे. मूळचं २.१ लिटरचं प्यूजो इंजिन बसलं, म्हणून २.५ लिटरचं एक्सडी-थ्रीपी जुनं इंजिन टाकलं. दिवसा एका सेल्फमध्ये उठते. थंडीत पहाटे मळ्यात जायचं तर सेल्फ जड फिरतो, पांढरा धूर येतो, पुष्कळ वेळा चावी मारावी लागते. बॅटरी नवी घेतली तरी फरक नाही. मिस्त्री म्हणतो पंप-नोझल करून घ्या. करावं का?

उत्तर: आत्ता नको. तुमच्या पत्रातच दोन खुणा आहेत आणि दोन्ही पंपाकडे बोट दाखवत नाहीत.

पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ. डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पण पेटत नाही. पंप माल देत नसता तर सेल्फ मारताना सायलेन्सरमधून काहीच धूर आला नसता. दुसरी खूण सेल्फ जड फिरण्याची. डिझेल इंजिन दाबाच्या उष्णतेवर पेटतं. फिरण्याचा वेग कमी झाला की दाबलेली हवा रिंगांमधून निसटते, तिची उष्णता थंड लोखंडात जाते आणि डिझेल पेटायला लागणारं तापमान गाठलंच जात नाही. प्यूजोचं हे इंजिन प्री-चेंबरचं आहे. त्यात हवा लहान खोलीत ढकलली जाते, उष्णता आणखी लवकर जाते, म्हणून त्याला हीटर प्लग दिलेले असतात. केळीवर चरका पडतो (थंडीने पानं करपतात) त्या दिवसांत हे सगळं एकदम उघडं पडतं.

आधी सेल्फचा वेग बघा. डिजिटल मल्टिमीटर आणि चावी मारायला एक माणूस एवढं पुरे. स्टॉपची केबल ओढून ठेवा किंवा स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल सोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेच्या खटक्याची) वायर काढा, म्हणजे इंजिन उठणार नाही. मीटर २० व्होल्ट डीसीवर लावा.

गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ च्या आसपास यायला हवं. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ फिरत असताना त्याच टोकांवर ९.६ च्या खाली जाता कामा नये. गेलं, तर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फ जास्त करंट खातोय. बॅटरीवर साडेदहा-अकरा व्होल्ट टिकताहेत आणि तरी सेल्फ रेंगाळतोय, तर करंट वाटेत अडतोय. नवी बॅटरी टाकून फरक पडला नाही, म्हणजे तुमची गाडी बहुधा याच गटातली.

आता वाट मोजा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसच्या शिशावर (क्लॅम्पवर नाही) आणि दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर प्लस केबल, थिंबल (केबलच्या टोकाची कडी) किंवा कटआउट खराब. मग बॅटरीच्या मायनसच्या शिशावरून इंजिनच्या ब्लॉकवर, स्वच्छ घासलेल्या लोखंडावर तेच माप घ्या. इथे ०.२ ते ०.३ व्होल्टच्या वर काही नको. शेवटी मायनसपासून चॅसीपर्यंत. हे आकडे लहान वाटतात, पण डिझेलचा सेल्फ सहज ३०० अँपिअर ओढतो. एक हजारांश ओमचा अडथळासुद्धा त्या करंटला ०.३ व्होल्ट खातो. दोन व्होल्ट वाटेत गेले म्हणजे ६०० वॅट वायरीत आणि गंजात जळाले, सेल्फपर्यंत पोचलेच नाहीत.

इंजिन बदललेल्या गाडीत हमखास सापडणारा दोष म्हणजे इंजिनची अर्थ पट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, रबरातून करंट जात नाही. जुन्या इंजिनला बेल हाउसिंगवरून (क्लचच्या आवरणावरून) चॅसीला विणलेली तांब्याची पट्टी होती. नव्या इंजिनला त्या जागी भोक जुळलं नाही, पट्टी तशीच लोंबत राहिली किंवा रंगावरच कसली गेली. मग करंट परतीची वाट अॅक्सिलरेटरच्या केबलमधून, क्लचच्या दांड्यातून, प्रोपेलर शाफ्टच्या बेअरिंगमधून शोधतो. पाच-सहा वेळा सेल्फ मारल्यावर अॅक्सिलरेटरची केबल गरम लागते का, हात लावून बघा. लागली तर निदान तिथेच झालं.

खात्री करायला जंपर केबल घ्या. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट ब्लॉकला लावा आणि सेल्फ मारा. सेल्फ एकदम चपळ झाला तर नवी अर्थ केबल बॅटरीच्या मायनसवरून सरळ सेल्फच्याच एखाद्या बोल्टवर आणा आणि तिथून एक पट्टी चॅसीला द्या. बोल्टखालचा रंग घासून लोखंड उघडं करा, दातेरी वॉशर टाका, कसल्यावर वरून ग्रीस लावा. आधी ग्रीस लावून मग कसू नका.

केबलची जाडीही बघा. पेट्रोल गाडीची १६ चौरस मिलिमीटरची केबल तशीच ठेवून डिझेल सेल्फ जोडलेला असतो. बॅटरी सीटखाली असेल आणि केबल दोन मीटर असेल, तर त्या एका केबलमध्येच साठ-पासष्ट शतांश व्होल्ट जातात. अशा इंजिनला ३५ चौरस मिलिमीटर हवी, लांबी जास्त असली तर ५०. घेताना एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची आहे, परत करा. थिंबल हायड्रॉलिक प्रेसने दाबून घ्या. हातोडीने चेपलेलं थिंबल वर्षभरात आतून हिरवं पडतं.

सेल्फ चपळ झाला तरी पहाटे धूर राहिला, तर हीटर. चारही प्लगना जोडणारी पट्टी काढा. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला आणि टोक एकेका प्लगच्या डोक्यावर लावा. दिवा लागला तर प्लगची तार शाबूत, न लागला तर तुटलेली. मीटरने ओम मोजत असाल तर आधी मीटरच्या वायरी एकमेकींना टेकवून त्यांचा आकडा वजा करा, कारण चांगला प्लग एखाद्या ओमच्याच आसपास असतो. डीसी क्लॅम्प मीटर मिळाला तर सगळ्यात सोपं: पट्टी जोडून हीटर चालू करा. तापल्यावर प्रत्येक प्लग साधारण १० ते १२ अँपिअर घेतो, चार मिळून चाळीसच्या पुढे. तीसच दिसले तर एक मेलेला. वीस दिसले तर दोन, आणि त्या इंजिनाकडून पहाटे अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे.

प्लग चांगले असूनही तापत नसतील तर वीज कुठून येते ते बघा. इंजिन बदलताना हीटरचा टायमर जुन्या गाडीतच राहतो आणि मिस्त्री डॅशबोर्डवर साधं बटण लावून बारीक वायरने प्लग जोडतो. चाळीस-पन्नास अँपिअर त्या बटणातून जाऊच शकत नाहीत, प्लगपाशी आठ-नऊ व्होल्ट पोचतात. ७० अँपिअरची रिले, १० चौरस मिलिमीटरची वायर आणि बॅटरीपाशी फ्यूज लावा. बटणाने फक्त रिले चालवा. थंडीत १५ ते २० सेकंद तापवा आणि लगेच सेल्फ मारा. नवे प्लग घेताना त्यावर छापलेला व्होल्टेज वाचा. कमी व्होल्टचे जलद तापणारे प्लग टायमरशिवाय १२ व्होल्टवर लावले तर टोक जळून सिलिंडरमध्ये पडतं.

एवढं करूनही धूर असेल तर कॉम्प्रेशन मोजा. इंजिन गरम करून, सगळे हीटर प्लग काढून, डिझेलच्या गेजने. प्री-चेंबरच्या चांगल्या इंजिनात २५ ते ३० बार मिळतात. विसाच्या खाली पहाटेचा त्रास होणारच. चार सिलिंडरमध्ये पाच बारपेक्षा जास्त फरक असेल तर आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघा. हेड प्लेन केलेल्या जुन्या इंजिनात टॅपेट आवळलेले राहतात आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाहीत. सिलिंडरमध्ये तेल टाकून पुन्हा मोजायची पेट्रोल इंजिनची पद्धत इथे वापरू नका. डिझेलची वरची जागा इतकी कमी असते की चमचाभर तेलानेही आकडा खोटा वाढतो.

हे सगळं ठीक निघालं तरच पंपाचं टायमिंग आणि नोझल. आणि एक कळकळीची सूचना: हवेच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा किंवा ईथरचा स्प्रे धरून उठवायची सवय असेल तर आजच सोडा. हीटर तापलेला असताना ईथर आत गेलं की स्फोट पिस्टन वर येण्याआधीच होतो. रिंगा तुटतात, पिस्टनची कड उडते.

प्रश्न (साक्री): जुनी पेट्रोलची सीजे थ्री-बी जीप, तिच्यात महिंद्राचं डीआय डिझेल इंजिन. रात्री उभी केली की सकाळी सेल्फ खूप लांबवावा लागतो. फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) हँडपंप मारला की लगेच उठते. दिवसभर त्रास नाही. फीड पंप नवा टाकला, तरी तेच.

उत्तर: डीआय इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर मारलं जातं, त्याला आपल्याकडच्या थंडीत हीटर लागत नाही. हँडपंपाने उठते म्हणजे रात्रीतून डिझेल पाइपातून टाकीकडे परत गेलं आणि त्याच्या जागी हवा आली. फीड पंपाची चूक असती तर चढावर जोर लावतानाही गाडी मेली असती.

इथे लोक ओला जोड शोधत बसतात आणि सगळं कोरडं दिसलं की निर्धास्त होतात. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप ओढीचा आहे. त्यात इंजिन चालू असताना बाहेरच्यापेक्षा दाब कमी असतो. तिथला सैल जोड डिझेल बाहेर टाकत नाही, हवा आत घेतो. म्हणून तो कोरडाच दिसणार.

पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेल बसवताना तीन गोष्टी तशाच सोडल्या जातात. पहिली, परतीचा पाइप. जुन्या पेट्रोल टाकीला बहुधा एकच नळी असते. डिझेल इंजिनाला नोझलमधून गळणारं आणि पंपातून उरलेलं डिझेल परत न्यायला दुसरी लागते. टाकीला भोक पाडायचा कंटाळा म्हणून परतीचा पाइप ‘टी’ लावून फिल्टरच्या आधी येणाऱ्या पाइपातच जोडतात. नोझलमधून येणारे बुडबुडे मग टाकीत जाऊन फुटायच्या ऐवजी पुन्हा पंपाकडेच फिरतात. तुमच्या गाडीत असा टी असेल तर सगळ्यात आधी तो काढा. परतीची नळी टाकीत स्वतंत्र जोडून तिचं टोक तळापासून दोन-तीन सेंटिमीटरवर, डिझेलमध्ये बुडालेलं राहील असं घ्या. टोक वर हवेत राहिलं तर त्याच वाटेने रात्री हवा शिरते. टाकीला गॅस वेल्डिंग करायचं असेल तर ती आधी उतरवून, धुऊन, पाण्याने भरूनच. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक.

दुसरी, पाइपाची जाडी. पेट्रोलची आतून सहा मिलिमीटरची नळी डीआयला अपुरी पडते, ओढ वाढते आणि जोडातून हवा जास्त खेचली जाते. आतून आठ मिलिमीटर घ्या. जस्ताचा मुलामा असलेला पाइप डिझेलला वापरू नका, जस्त आणि डिझेल मिळून चिकट साका तयार होतो आणि तो फिल्टरमध्ये बसतो. तिसरी, टाकीतली ओढीच्या नळीची बारीक जाळी. जुन्या टाकीतला गंज तिच्यावर बसला की तीही हवेचं कारण होते.

दोष कुठे आहे ते शोधायला पाच लिटरचा कॅन बॉनेटच्या उंचीला टांगा. त्यातून नळी थेट फीड पंपाला द्या, परतीचा पाइपही त्याच कॅनमध्ये सोडा, आणि गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी पहिल्या फेऱ्यांत उठली तर दोष टाकीपासून फीड पंपापर्यंत. तरीही नाही उठली तर फिल्टर, ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह किंवा पंपाकडचे जोड. मग फिल्टरपासून पंपाकडे जाणाऱ्या वाटेवर हातभर पारदर्शक नळी लावून चालू इंजिनात बुडबुडे बघा. ही नळी तपासणीपुरतीच ठेवा, उन्हाने आणि डिझेलने ती कडक होऊन फुटते.

बँजो बोल्टखालचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालचे) तांब्याचे वॉशर दर वेळी नवे टाका. नाइलाजाने जुनेच वापरायचे तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. तांबं मऊ होतं आणि पुन्हा बसतं.

जोडकाम झाल्यावर एअर काढायचा क्रम चुकवू नका. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हँडपंप मारा, बुडबुडे थांबून सलग धार आली की पंप मारता मारताच कसा. मग नोझलना डिझेल देणाऱ्या मोठ्या पंपावरचा स्क्रू तसाच. त्यानंतर कोणत्याही दोन नोझलचे नट अर्धा फेरा सैल करून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा, डिझेलच्या पिचकाऱ्या दिसल्या की नट कसा. सेल्फ एका वेळी १५ सेकंदांच्या वर नको आणि मध्ये मिनिटभर विश्रांती द्या. सैल नटाजवळ बोट नेऊ नका, त्या दाबाची धार कातडीत शिरते.

तुमच्या पत्रात उल्लेख नाही, पण अशाच गाड्यांतली एक खूण सांगून ठेवतो. सेल्फ फिरताना इंजिन काही केल्या पकडत नाही आणि चावी सोडता क्षणी पकडतं, असं होत असेल तर पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर तपासा. ती चावीच्या अशा टोकाला जोडलेली असते जिथला करंट सेल्फ मारताना तुटतो. रेडिओ-पंख्याचं टोक तसंच असतं. सोलेनॉइडला ‘चालू’ आणि ‘सेल्फ’ या दोन्ही ठिकाणी करंट मिळणारं टोक हवं. पेट्रोल गाडीत याच्या उलट घडतं: सेल्फ मारताना उठते आणि चावी सोडली की मरते. तिथे कॉइलकडे जाणारी बॅलास्ट रेझिस्टरची वाट तुटलेली असते, सेल्फच्या वेळी मात्र कॉइलला वेगळ्या वायरने करंट मिळतो.

प्रश्न (भुसावळ): जुनी जिप्सी, ९७० सीसी काढून १२९८ सीसीचं कार्ब्युरेटरचं इंजिन टाकलंय. मे महिन्यात बाजारात पंधरा-वीस मिनिटं उभी केली की उठत नाही. तासाभराने आपोआप उठते.

उत्तर: भुसावळचा मे म्हणजे पारा ४५ च्या पुढे. इंजिन बंद केल्यावर पंखा आणि पाणी दोन्ही थांबतात आणि बॉनेटखालचं तापमान आणखी वाढतं. त्यातून तीन वेगळे दोष होऊ शकतात आणि तिन्हींची लक्षणं दुरून सारखीच. ओळखायचं तर गाडी न उठण्याच्या त्याच वेळेला, थंड व्हायच्या आधी, एअर क्लीनर काढून बघा.

कार्ब्युरेटरच्या तोंडात डोकावून अॅक्सिलरेटर एकदा दाबा. पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली पाहिजे. दिसली नाही तर कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठणारी वाटी कोरडी आहे: पेट्रोल उकळून गेलं आणि पाइपात वाफ कोंडली. पिचकारी दिसते आणि पेट्रोलचा वासही जबर येतो, तर उलट पेट्रोल जास्त झालंय. वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडलं. अशा वेळी अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरा, पंप करू नका, आणि आठ-दहा सेकंद सेल्फ मारा. हवा जास्त आत जाते आणि गाडी खोकत उठते. पेट्रोल बरोबर असेल तर प्लगची वायर काढून, जुना प्लग लावून, ब्लॉकला टेकवून ठिणगी बघा. हे पेट्रोलचा वास गेल्यावरच. गरम असताना पिवळी, अशक्त किंवा अजिबात नाही आणि गार झाल्यावर निळी, कडकडीत, तर कॉइल किंवा डिस्ट्रीब्युटरमधलं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल उष्णतेने बंद पडतंय. मॉड्यूलच्या पाठीला उष्णता वाहणारी पांढरी पेस्ट लागते. नवं इंजिन बसवताना डिस्ट्रीब्युटर उघडला गेला असेल तर ती पुसली गेलेली असते.

वाटी कोरडी निघाली, आणि तुमच्या वर्णनावरून तीच शक्यता जास्त, तर पाइपाची वाट बघा. दुसऱ्या इंजिनावर पंप आणि कार्ब्युरेटरच्या जागा थोड्या सरकतात, पाइप कमी पडतो किंवा उरतो आणि तो एक्झॉस्टच्या जवळून फिरवला जातो. कमीत कमी आठ-दहा सेंटिमीटर अंतर ठेवा, मध्ये पत्र्याची आड द्या. परतीची नळी बोल्ट घालून बंद केलेली असेल तर ती उघडा. तिच्यातून पेट्रोल सतत फिरत राहतं, थंड राहतं आणि वाफ टाकीत निघून जाते. कार्ब्युरेटरखालचा जाड इन्सुलेटर गॅस्केट काढून टाकून पातळ कागदी गॅस्केट लावलेलं असेल तर मूळचं आणून लावा. पाइपावर ओलं फडकं टाकून गाडी उठली तर तुमचं निदान पक्कं, पण फडकं हा इलाज नाही.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे हा त्रास वाढतो, आणि त्याचा दुसरा परिणाम जास्त धोक्याचा: जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आतून सुजतात, मऊ होतात, मग चिरतात. पाइप बोटांनी दाबून बघा. चिकट किंवा भेगाळलेला असेल तर सगळेच बदला. ‘एसएई ३० आर ९’ छापलेला पाइप मागा.

प्रश्न (शिरपूर): टेम्पो ट्रॅक्सचं डिझेल इंजिन मधे प्लेट टाकून जीपच्या गिअरबॉक्सला जोडलंय. सेल्फ कधी घरघरतो, कधी नुसताच भुर्रकन फिरतो. सेल्फ दोनदा बदलला.

उत्तर: तिसऱ्यांदा बदलू नका. सेल्फच्या पिनियनचे (टोकाच्या लहान दातेरी चाकाचे) दात आणि फ्लायव्हीलच्या रिंगचे दात एकाच गाडीचे आहेत का, हे आधी बघा. रिंग एका गाडीची आणि सेल्फ दुसऱ्याचा असेल तर दातांचं माप जुळणार नाही, पिनियन कितीही चांगला असो. जुळत असेल तर अंतर मोजा. सेल्फ विश्रांतीत असताना पिनियनचं तोंड रिंगपासून अडीच ते चार मिलिमीटर दूर हवं. मधल्या प्लेटच्या जाडीने सेल्फ तेवढाच मागे गेलेला असतो, आणि मग पिनियन दाताच्या टोकावरच लागतो. सिंदूर तेलात कालवून पिनियनला लावा, एकदा सेल्फ मारा, मग काढून रिंगवरचा ठसा बघा. दाताच्या रुंदीच्या दोन-तृतीयांशाहून कमी ठसा म्हणजे सेल्फ पुढे आणायला हवा. ठसा दाताच्या तळाशी घासलेला असेल तर सेल्फ जास्त आत बसलाय, तिथे पातळ शिम (पत्र्याची पट्टी) द्या.

नुसता भुर्रकन फिरतो तो प्रकार वेगळा. तो सेल्फमधल्या एकाच दिशेने पकडणाऱ्या क्लचचा दोष, किंवा रिंग घासल्याचा. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना साधारण समोरासमोरच्या दोनच जागी थांबतं, म्हणून रिंगही त्याच दोन जागी झिजते. गाडी गिअरमध्ये टाकून थोडी ढकलली आणि मग सेल्फने पकडलं, तर रिंगच. इंजिन उतरवलेलं असेल तेव्हा रिंग तापवून काढा आणि ९० अंश फिरवून बसवा. उलटी करून बसवू नका, दातांची उतरती कड सेल्फच्या बाजूलाच हवी.

एका गाडीचं इंजिन दुसरीच्या गिअरबॉक्सला जोडलेलं असताना घरघरीबरोबर क्लचही धक्के देत असेल तर प्लेटचे डॉवेल (नेमकी जागा धरणाऱ्या पिना) तपासा. बोल्टांनी केंद्र राखलं जात नाही, ते डॉवेलचंच काम आहे.

थोडक्यात उत्तरं

धडगावच्या वाचकांना: उतारावर ढकलून उठवताना टू-एचमध्ये (दोनच चाकांना जोर, हाय रेंज), दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरला क्लच सोडा. लो रेंजमध्ये चाकं घसरतात आणि इंजिन फिरतच नाही. पंपावर इलेक्ट्रिक सोलेनॉइड असेल आणि बॅटरी अगदीच मेलेली असेल तर कितीही ढकला, डिझेल सुटणार नाही. आधी दुसऱ्या बॅटरीचा आधार द्या.

अमळनेरच्या वाचकांना: नदीच्या पाण्यातून गाडी काढताना बंद पडली आणि नंतर सेल्फ एकदम अडकतोय, तर पुन्हा चावी मारू नका, ढकलूही नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. सगळे नोझल किंवा हीटर प्लग काढा, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढा, एअर क्लीनर वाळवा, ऑइल दुधाळ झालं असेल तर बदला. मगच सेल्फ.

पारोळ्याच्या वाचकांना: चावी फिरवल्यावर नुसता ‘टक्’ आवाज येतो आणि चार-पाच वेळांनी सेल्फ घेतो, तर सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर सेल्फ मारताना किती व्होल्ट येतात ते मोजा. नऊच्या खाली असतील तर जुन्या चावीतून आणि लांब वायरीतून करंट अडतोय. साधी चार पायांची रिले लावा: ३० ला बॅटरीची वायर फ्यूजमधून, ८७ वरून सेल्फच्या सोलेनॉइडला, ८६ ला चावीची जुनी वायर, ८५ ला अर्थ. नऊच्या वर येत असूनही टक् टक्, तर सोलेनॉइडमधला तांब्याचा कॉन्टॅक्ट जळलेला आहे.

नंदुरबारच्या वाचकांना: इंजिन बदललं की आरसीवरचा इंजिन क्रमांक खोटा ठरतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे बदल १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावा लागतो. म्हणजे तुम्ही नंदुरबार जिल्ह्यात राहत असाल तर नंदुरबारच्या कार्यालयात. पेट्रोलचं डिझेल करायचं असेल तर आधी परवानगी घ्या आणि मगच इंजिन उतरवा. जुनं इंजिन विकत घेताना बिलावर त्याचा क्रमांक लिहून घ्या आणि तो ब्लॉकवर कोरलेल्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहा. ज्या गाडीतून इंजिन निघालं तिच्या कागदांची प्रतही मागा. विकणारा ती द्यायला टाळाटाळ करत असेल तर ते इंजिन घेऊ नका.